मोजले जाणारे आणि मोजणारे : पदवीच्या विद्यार्थ्यांचे अर्थशास्त्रीय संशोधन

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या घराघरांतून पुढील शिक्षणाची चर्चा सुरू होते. कोणत्या शाखेला जावे, शुल्क किती पडेल, वसतिगृह मिळेल काय, शेवटी नोकरी लागेल काय, असे या चर्चेचे ठरलेले टप्पे असतात. हे प्रश्न योग्यच आहेत. ज्या कुटुंबातील पहिलीच पिढी महाविद्यालयाची पायरी चढत आहे, त्या कुटुंबाने पोटापाण्याचा विचार आधी करावा यात वावगे काहीच नाही. परंतु अलीकडे या चर्चेत एक नवा शब्द येऊ लागला आहे. मुलगा किंवा मुलगी सुट्टीत घरी येते आणि सांगते की, यंदा आम्हाला संशोधन प्रकल्प करावयाचा आहे. आईवडिलांना प्रश्न पडतो की, बी.ए.च्या मुलाने संशोधन करावयाचे म्हणजे नेमके काय करावयाचे? संशोधन तर प्रयोगशाळेत होते, आणि ते मोठमोठे प्राध्यापक करतात.

या प्रश्नाचे सोप्या भाषेत उत्तर द्यावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. विषय अर्थशास्त्र आणि सार्वजनिक धोरण यांपुरता मर्यादित ठेवला आहे. रेशनचे धान्य, रोजगार हमीची मजुरी, शिष्यवृत्ती, जमिनीचा तुकडा, एसटीचा पास या सर्व गोष्टी याच शास्त्राच्या कक्षेत येतात, आणि आपल्या समाजाचे दैनंदिन जीवन त्यांच्याशी निगडित आहे.

संशोधन म्हणजे काय?

ज्या प्रश्नाचे उत्तर आधी ठाऊक नाही असा प्रश्न विचारणे, त्याचे उत्तर शोधण्याची पद्धत आधी ठरविणे, आणि उत्तर आपल्या मताविरुद्ध गेले तरी ते लिहून ठेवणे, याला संशोधन म्हणतात. ‘रेशन व्यवस्थेत सुधारणा झाली पाहिजे’ हे मत झाले. ‘आमच्या गावातील शंभर शिधापत्रिकाधारक कुटुंबांना गेल्या तीन महिन्यांत त्यांच्या हक्काच्या धान्यापैकी किती धान्य मिळाले?’ हा संशोधनाचा प्रश्न झाला. पहिल्या वाक्यावर सभेत टाळ्या मिळतात. दुसऱ्या वाक्यासाठी घरोघरी हिंडावे लागते.

सार्वजनिक धोरण म्हणजे शासनाने सर्वांच्या वतीने घेतलेले निर्णय : कर कोणाकडून घ्यावयाचा, पैसा कशावर खर्च करावयाचा, कोणास काय द्यावयाचे आणि ते कोणत्या मार्गाने पोहोचवावयाचे. हे निर्णय आकड्यांच्या आधारे घेतले जातात. ते आकडे कोणी गोळा केले, कोणास विचारून केले आणि कोणास विचारावयाचे राहून गेले, यावर निर्णयाचा बरेवाईटपणा अवलंबून असतो. आपल्या वस्त्यांमध्ये आजवर अनेक प्रकारची मोजणी झाली. जनगणना झाली, दारिद्र्यरेषेची सर्वेक्षणे झाली, कितीतरी संस्थांनी प्रश्नावल्या भरून नेल्या. त्यांत आपण बहुधा उत्तरे देणारे होतो. प्रश्न कोणता विचारावा हे ठरविणारा दुसरा कोणीतरी होता. पदवीच्या पातळीवरील संशोधनाचे खरे महत्त्व येथे आहे. ते उत्तर देणाऱ्या घरातील मुलाला प्रश्न विचारण्याच्या जागी आणून बसविते.

विद्यार्थ्यांची प्रश्नावली आणि शंभर वर्षांचे ज्ञान

विद्यार्थ्यांच्या हातून झालेल्या कामाला काय किंमत असणार, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. तिला मद्रासने शंभर वर्षांपूर्वीच उत्तर दिले आहे.

गिल्बर्ट स्लेटर हे इंग्रज प्राध्यापक १९१५ मध्ये मद्रास विद्यापीठात भारतीय अर्थशास्त्राचे पहिले प्राध्यापक म्हणून रुजू झाले. हिंदुस्थानातील खेड्यांची आर्थिक स्थिती नेमकी काय आहे, याविषयी त्यांना विश्वसनीय माहिती हवी होती. त्यांनी एक प्रश्नावली तयार केली आणि आपल्या विद्यार्थ्यांना सुट्टीत स्वतःच्या किंवा ओळखीच्या गावी जाऊन ती भरून आणावयास सांगितले. जमीन कोणाकडे किती, पिके कोणती, मजुरी किती आणि कोणत्या रूपात, कर्ज कोणाचे आणि व्याज किती, कोण कोणाकडे कामास बांधलेला आहे, असे साधे प्रश्न त्यात होते. विद्यार्थ्यांच्या या टिपणांच्या आधारे १९१८ मध्ये ‘सम साउथ इंडियन व्हिलेजेस’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

पुढची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. १९३०च्या दशकात पी. जे. थॉमस आणि के. सी. रामकृष्णन यांनी त्याच गावांची फेरपाहणी केली. त्यांपैकी इरुवेलपट्टू या गावी, जे आज तमिळनाडूच्या विल्लुपुरम जिल्ह्यात आहे, अभ्यासक त्यानंतरही पुन्हा पुन्हा जात राहिले. १९८०च्या दशकात गेले, २००८ मध्येही गेले. एका विद्यार्थ्याने १९१६च्या सुमारास गावाची जी नोंद केली, तिच्यामुळे एकाच गावात सुमारे नव्वद वर्षांत काय बदलले हे सांगता येऊ लागले. त्या काळी गावची बरीचशी जमीन एका मोठ्या जमीनदार कुटुंबाकडे होती आणि दलित मजुरांपैकी अनेक जण ‘पडियाळ’ म्हणून, म्हणजे आपल्याकडील सालगड्यांप्रमाणे, मालकाशी बांधलेले होते. २००८ पर्यंत ती बांधिलकी संपली होती, आणि दलित कुटुंबांचे जमीनमालकांवरील अवलंबित्व पुष्कळ कमी झाले होते. बदल झाला, हे सिद्ध करावयाचे तर बदलापूर्वीची स्थिती कोणीतरी लिहून ठेवलेली असावी लागते. ती एका विद्यार्थ्याने लिहून ठेवली होती.

पिंपळे सौदागर आणि एका तरुण अभ्यासकाचा प्रश्न

आपल्याकडेही त्याच सुमारास असे काम झाले. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाचा बारकाईने अभ्यास करून १९१७ मध्ये तो प्रसिद्ध केला. जुन्या दप्तरांवरून त्यांनी दाखविले की, १७७१ मध्ये तेथील सरासरी धारणक्षेत्र ४० एकर होते, ते १९१४-१५ पर्यंत ७ एकरांवर आले होते. आज त्या गावाच्या शेतजमिनींवर पिंपरी-चिंचवडच्या उंच इमारती उभ्या आहेत. गावाचे शेतीचे रूप जाणून घ्यावयाचे तर आज डॉ. मॅन यांच्या पुस्तकाकडे जावे लागते.

जमिनीचे तुकडे होत आहेत हे पाहून त्या काळचे अधिकारी आणि विद्वान एकच उपाय सुचवीत होते : कायदा करून तुकडे एकत्र करावेत आणि धारणक्षेत्र मोठे करावे. १९१८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भारतातील लहान धारणक्षेत्रांवर आपला निबंध प्रसिद्ध केला. त्यांचे वय तेव्हा सत्तावीस होते. कोलंबिया विद्यापीठाची एम.ए.ची पदवी त्यांनी घेतलेली असल्यामुळे ते पदवीपूर्व विद्यार्थी नव्हते हे खरे; परंतु प्रश्न कसा विचारावा याचा धडा घेण्यासाठी हा निबंध पदवीच्या विद्यार्थ्यालाही उत्तम आहे. ‘लहान’ हा शब्द कशाच्या मानाने वापरावयाचा, असा त्यांच्या विवेचनाचा रोख होता. शेतकऱ्याजवळ बैल, अवजारे आणि भांडवल पुरेसे नसेल तर जमीन वाढवून दिल्याने त्याचे भले होत नाही. शेत आर्थिकदृष्ट्या योग्य आहे की नाही हे एकरांवरून ठरत नाही. जमीन, श्रम आणि भांडवल यांच्या प्रमाणावरून ठरते. शेतीवर गरजेपेक्षा अधिक माणसे अवलंबून असल्यामुळे खरा उपाय औद्योगिकीकरणात आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. सर्वांपुढे तीच वस्तुस्थिती होती. प्रश्न बदलल्याबरोबर उत्तर बदलले आणि धोरणाची दिशाही बदलली.

याच शिस्तीचा उपयोग त्यांनी पुढे मुंबई विधिमंडळात केला. मार्च १९२७ मध्ये शिक्षणावरील खर्चाच्या चर्चेत त्यांनी अंदाजपत्रकातील दोन आकडे शेजारीशेजारी ठेवले : सरकार शिक्षणावर दरडोई १४ आणे खर्च करते, आणि मद्यावरील अबकारी करातून दरडोई २ रुपये २ आणे ९ पै वसूल करते. दोन्ही आकडे सरकारच्याच कागदांतील होते. ते एकत्र वाचण्याचे कष्ट घ्यावे लागले, इतकेच. त्याही आधी, १८८२ मध्ये, हंटर आयोगापुढे निवेदन देताना महात्मा फुले यांनी हाच मार्ग धरला होता. सरकारी महसुलाचा मोठा भाग कष्टकरी रयतेकडून येतो आणि शिक्षणावरील खर्चाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना मिळतो, हा त्यांचा मुद्दा आजच्या भाषेत सार्वजनिक वित्ताचाच मुद्दा होय.

विद्यार्थ्यांनी केलेली रेशनची पाहणी

अलीकडच्या काळातील उदाहरण २०११चे आहे. अन्नसुरक्षा कायद्याची चर्चा देशभर चालू होती. रेशन बंद करून लोकांच्या खात्यात रोख रक्कम जमा करावी, असे एक मत होते. धान्यच द्यावे, असे दुसरे. लोकांना स्वतःला काय वाटते हे मात्र फारसे कोणी विचारले नव्हते. ज्याँ द्रेझ आणि रितिका खेरा या अर्थतज्ज्ञांच्या मार्गदर्शनाखाली विद्यार्थी स्वयंसेवकांनी त्या वर्षीच्या उन्हाळी सुट्टीत नऊ राज्यांतील शंभराहून अधिक गावांत जाऊन सुमारे १,२०० कुटुंबांच्या मुलाखती घेतल्या. महाराष्ट्राचा त्यात समावेश नव्हता.

या पाहणीतून दिसलेले चित्र सर्वसाधारण समजुतीपेक्षा निराळे होते. पाहणीतील कुटुंबांना हक्काच्या धान्यापैकी सरासरी ८४ ते ८८ टक्के धान्य मिळत होते, आणि दोनतृतीयांशांहून अधिक लोकांनी रोख रकमेऐवजी धान्यालाच पसंती दिली. परंतु बिहारमध्ये, जेथे रेशन व्यवस्था त्या वेळी अतिशय ढिसाळ होती, तेथे रोख रकमेकडे कल अधिक होता. म्हणजे लोकांची पसंती ही अनुभवातून आलेली होती : दुकान नीट चालते तेथे धान्य हवे, चालत नाही तेथे पैसे हवेत. पुढे २०१३ मध्ये राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा झाला. एखादा कायदा एका पाहणीमुळे होत नाही, त्यामागे दीर्घ लोकलढा असतो. परंतु त्या वादात आकड्यांनिशी बोलण्याची सोय या विद्यार्थ्यांच्या पायपिटीने करून दिली, हे नाकारता येत नाही.

एक प्रश्न पायरीपायरीने

आता असा अभ्यास प्रत्यक्षात कसा करतात ते एका कल्पित उदाहरणाने पाहू. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ मध्ये सुरू झाली. आज ती केंद्र आणि राज्य यांच्या ६०:४० अशा वाट्याने चालते, आणि महाराष्ट्रात तिचे अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर भरले जातात. आपल्यापैकी हजारो जण तिच्या आधाराने शिकले. एखाद्या विद्यार्थिनीने असा प्रश्न घेतला की, ‘शिष्यवृत्ती उशिरा मिळाल्यामुळे विद्यार्थी शिक्षण सोडतात काय?’ प्रश्न चांगला आहे, पण त्याच्या वाटेवर तीन खड्डे आहेत.

पहिला खड्डा असा. समजा, तिने तृतीय वर्षातील ६० शिष्यवृत्तीधारकांना विचारले, ‘रक्कम उशिरा आल्याने तुमचे शिक्षण थांबले काय?’ साठही जण ‘नाही’ असेच म्हणतील. ज्यांचे शिक्षण थांबले ते वर्गात बसलेलेच नाहीत! तेव्हा तिने दोन वर्षांपूर्वीची प्रथम वर्षाची प्रवेशयादी मिळविली पाहिजे. त्या यादीत १०० नावे असतील आणि आज ६० उरली असतील, तर उरलेल्या ४० जणांचा शोध हाच तिच्या अभ्यासाचा गाभा होय. कोणी दुसऱ्या महाविद्यालयात गेले असेल, कोणाचे लग्न झाले असेल, कोणी एमआयडीसीत कामाला लागले असेल, कोणी ऊसतोडीला गेले असेल. हे लोक सापडणे अवघड असते, म्हणून बहुतेक पाहण्या त्यांना वगळतात. जे वगळले जातात त्यांचेच प्रश्न मग धोरणातूनही वगळले जातात.

दुसरा खड्डा कारणाचा आहे. समजा, असे दिसले की ज्यांची रक्कम उशिरा आली त्यांच्यात शिक्षण सोडण्याचे प्रमाण जास्त आहे. यावरून उशीर हेच कारण ठरले काय? नाही. ज्या घरात कोणी शिकलेले नाही, तेथे उत्पन्नाचा दाखला वेळेवर काढला जात नाही, बँक खाते आधारशी जोडलेले नसते, अर्जात त्रुटी राहते, म्हणून रक्कम उशिरा येते. आणि त्याच घराला मुलाच्या कमाईची गरजही अधिक असते. म्हणजे घरची ओढाताण हेच दोन्हींचे मूळ असू शकते. यावर उपाय असा की, सारख्या उत्पन्नाच्या, सारख्या परिस्थितीतील विद्यार्थ्यांची आपसांत तुलना करावयाची. सारख्या परिस्थितीतही फरक उरला, तर उशिराला दोष देण्यास बळकट आधार मिळतो.

तिसरा खड्डा सरासरीचा. पाच विद्यार्थ्यांना रकमेसाठी अनुक्रमे २, २, ३, ३ आणि २० महिने थांबावे लागले असे धरू. सरासरी ६ महिने येते. परंतु पाचांपैकी एकालाही ६ महिने थांबावे लागलेले नाही. चढत्या क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारी संख्या, म्हणजे मध्यक, ३ आहे. दोन्ही आकडे खरेच आहेत. कार्यालय मध्यक सांगेल, आंदोलक सरासरी सांगतील. संशोधकाने दोन्ही सांगावयाचे असतात, आणि वीस महिने थांबलेल्या त्या एका विद्यार्थ्याचे काय झाले हेही सांगावयाचे असते.

यापुढची पायरी धोरणाची. अर्ज विद्यार्थ्याकडून महाविद्यालयाच्या लिपिकाकडे जातो, तेथून समाजकल्याण कार्यालयाकडे, नंतर रक्कम खात्यात जमा होते. या प्रत्येक टप्प्यावरील तारीख तिने टिपून ठेवली तर उशीर नेमका कोठे होतो ते दिसते. ‘सरकार पैसे देत नाही’ हे वाक्य मोर्च्यात चालते, अहवालात चालत नाही. उशीर महाविद्यालयाच्या पडताळणीत होत असेल तर मंत्रालयावर मोर्चा नेऊन काही साधणार नाही. प्राचार्यांना भेटले पाहिजे. आवश्यक माहिती मिळत नसेल तर २००५च्या माहिती अधिकार कायद्यान्वये दहा रुपये शुल्क भरून अर्ज करता येतो, आणि सर्वसाधारणपणे तीस दिवसांत उत्तर देणे कार्यालयावर बंधनकारक असते. विद्यार्थ्यासाठी हेही एक शिक्षणच आहे.

रकान्यात लपलेली माणसे

सरकारी आकडेवारी वापरताना रकान्याची व्याख्या आधी वाचावी लागते. आपल्या जवळचेच उदाहरण घेऊ. १९८१च्या जनगणनेत महाराष्ट्राच्या लोकसंख्येत अनुसूचित जातींचे प्रमाण सुमारे ७ टक्के होते. १९९१ मध्ये ते सुमारे ११ टक्के झाले. नुसता आलेख पाहणारा विद्यार्थी म्हणेल की दहा वर्षांत ही लोकसंख्या अचानक वाढली. वस्तुस्थिती तशी नाही. १९५६च्या धर्मांतरानंतर बौद्ध झालेल्यांची गणना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत होत नव्हती. १९९० मध्ये त्या आदेशात दुरुस्ती झाली आणि बौद्ध अनुसूचित जातींचा समावेश झाला. आकडा मुख्यतः व्याख्येमुळे वाढला. माणसे तीच होती, त्याच वस्त्यांत राहत होती. त्यांचा रकाना बदलला.

१९८१ आणि १९९१ यांची साक्षरता, शेतमजुरांचे प्रमाण किंवा घरांची स्थिती यांची तुलना करणाऱ्याने हे ध्यानात घेतले नाही तर त्याचा सारा निष्कर्ष चुकतो. ही गोष्ट परक्या अभ्यासकाला पुस्तकातून शिकावी लागते. आपल्या मुलांना ती घरातच ठाऊक असते, कारण जातीचा दाखला काढताना आजोबांनी काय खटपट केली हे त्यांनी ऐकलेले असते. घरच्या अनुभवाचे ज्ञानात रूपांतर होते ते असे. मात्र अनुभव हा प्रश्न सुचविण्यास समर्थ असतो, उत्तर सिद्ध करण्यास नव्हे. आपल्या वस्तीत जे घडले ते सर्वत्र घडते असे गृहीत धरण्याचा मोह आपल्याच मुलांना अधिक होण्याचा संभव असतो. त्या मोहापासून पद्धतीची शिस्तच वाचविते.

नवी रचना आणि जुनी अडचण

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२च्या अखेरीस पदवीचा नवा आराखडा जाहीर केला. तीन वर्षांच्या पदवीसाठी किमान १२० श्रेयांक, चार वर्षांच्या ऑनर्स पदवीसाठी किमान १६०. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा अधिक गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्यास चौथ्या वर्षी ‘संशोधनासह ऑनर्स’ हा पर्याय घेता येतो आणि त्यात प्रबंधासाठी १२ श्रेयांक आहेत. महाराष्ट्रातही ही रचना टप्प्याटप्प्याने लागू झाली आहे.

येथे पालकांनी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. संशोधनाचे मुख्य वर्ष चौथे आहे. ज्या घराला मुलाच्या पगाराची वाट पाहावी लागते, त्या घरातील मुलगा तिसऱ्या वर्षीच पदवी घेऊन बाहेर पडण्याची शक्यता अधिक आहे. पंचाहत्तर टक्क्यांची अटही आहेच. संशोधनाची संधी कागदावर सर्वांना आणि प्रत्यक्षात ज्यांना एक वर्ष अधिक परवडते त्यांनाच, असे होण्याचा धोका उघड आहे. हा धोका किती खरा आहे हादेखील पदवीच्या विद्यार्थ्याने अभ्यासावा असा उत्तम प्रश्न होय.

तोपर्यंत उपलब्ध वाट अशी की, चौथ्या वर्षाची वाट पाहू नये. आपल्या राज्यातील अभ्यासक्रमात क्षेत्रप्रकल्प आणि समाजसंपर्क उपक्रम यांना त्याआधीच श्रेयांक दिलेले आहेत. बहुतेक ठिकाणी हे काम म्हणजे इंटरनेटवरून उतरविलेली वीस पाने आणि स्पायरल बाइंडिंग, असे होऊन बसते. त्याच श्रेयांकांत गावातील तीस घरांची प्रामाणिक पाहणी करता येते. विद्यापीठांच्या ‘आविष्कार’ या संशोधन स्पर्धेत पदवी गटाचे विद्यार्थी भाग घेऊ शकतात. तेथेही असे काम मांडता येते. अशा कामास मोठा खर्च लागत नाही. वही, पेन, एसटीचे भाडे आणि चुका दाखवून देणारे एक शिक्षक एवढे पुरेसे असते.

विचारणाऱ्याचे कर्तव्य

ज्यांना प्रश्न विचारावयाचे त्यांचे आपण काही देणे लागतो. पाहणी कशासाठी आहे हे आधी सांगावे, आणि नको म्हणण्याचा त्यांचा हक्क मान्य करावा. कर्ज, आजार, दारू, मारहाण यांसारख्या गोष्टी विश्वासाने सांगितल्या गेल्या तर नाव-गाव अहवालात येऊ देऊ नये. लहान गावात ‘दोन म्हशी असलेली विधवा’ एवढ्या वर्णनावरूनही माणूस ओळखला जातो. ‘आम्ही माहिती दिली की आमचे नाव यादीत येईल काय?’ असे कोणी विचारले तर खोटी आशा दाखवू नये. आणि काम संपल्यावर निष्कर्ष त्या लोकांना, त्यांच्या भाषेत, ग्रामसभेत किंवा विहाराच्या अंगणात जाऊन सांगावेत. प्रश्नावली भरून नेणारे पुष्कळ येऊन गेले. उत्तर घेऊन परत येणारे थोडे. आपल्या मुलांनी या थोड्यांत असावे.

आपल्या शाळेविषयी एक सूचना

अशा स्मरणिकेत शाळेच्या यशस्वी विद्यार्थ्यांची छायाचित्रे असतात. कोणी अधिकारी झाले, कोणी डॉक्टर, कोणी शिक्षक. ती असावीतच, लहान मुलांना त्यांतून धीर येतो. परंतु वर शिष्यवृत्तीच्या उदाहरणात जे पाहिले ते येथेही लागू पडते. निवासी शाळेचे यश मोजावयाचे तर स्नेहमेळाव्याला आलेल्यांकडे पाहून मोजता येणार नाही. जे आले नाहीत त्यांचाही शोध घेतला पाहिजे. पाचवीत किंवा आठवीत दाखल झालेले आणि दहावीपूर्वी निघून गेलेले विद्यार्थी कोण होते? दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलेली कोणती मुले परत आली नाहीत? मुलींचे प्रमाण त्यांत किती? आईवडील कामासाठी स्थलांतर करणाऱ्यांचे किती?

या प्रश्नांची पहिली उत्तरे कोठे शोधावयाची हे प्रत्येक शाळेला ठाऊक असते. जनरल रजिस्टरमध्ये प्रत्येक मुलाच्या प्रवेशाची तारीख, शाळा सोडल्याची तारीख आणि सोडण्याचे कारण लिहिलेले असते. कारणाच्या रकान्यात बहुधा ‘पालकांच्या विनंतीवरून’ एवढेच असते. त्या दोन शब्दांमागे काय होते, हे जाऊन विचारणे म्हणजेच संशोधन. अर्थशास्त्र, समाजशास्त्र किंवा वाणिज्य शिकणाऱ्या आपल्या तीन-चार माजी विद्यार्थ्यांनी, संस्थेची परवानगी घेऊन आणि नावे गुप्त ठेवून, एका इयत्तेच्या एका तुकडीपासून हे काम सुरू करावे. निष्कर्ष कौतुकाचे असतील तर आनंद होईल. नसतील तर वसतिगृहात, प्रवेशात किंवा सुट्टीनंतरच्या पाठपुराव्यात काय बदलावयाचे ते कळेल.

माजी विद्यार्थ्यांना विनंती अशी की, पदवीच्या काळात केलेल्या प्रत्येक प्रकल्पाची एक प्रत शाळेच्या ग्रंथालयात ठेवावी, मग तो प्रकल्प तीस घरांचा का असेना. नोकरीत असलेल्यांनी चौथे वर्ष करू इच्छिणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याच्या वर्षभराच्या खर्चाचा विचार करावा. आणि पालकांना विनंती अशी की, सुट्टीत घरी आलेल्या मुलीने वही काढून ‘बाबा, तुम्हाला १९९५ मध्ये रोजगार हमीवर दिवसाला किती मजुरी मिळत होती?’ असे विचारले, तर ‘ते जुने काय काढतेस’ असे म्हणू नये. आठवेल तेवढे सांगावे, आठवत नसेल तर तसेही सांगावे, आणि तिला ते लिहून घेऊ द्यावे.